समोरच्यांच्या घोळक्यात

स्लेट फोर्क, पेनसिल्व्हेनिया
६ ऑक्टोबर १९९६

प्रिय लोरेटा,

...मग मी एमिलचा डबा भरला. दोन सँडविच, एक सफरचंद, थर्मासमध्ये कॉफी. त्याआधी शेगडीतली राख काढून मागच्या पायऱ्यांवर पसरली होती, कारण रात्री बर्फ पडून पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. चादरी भिजत घातल्या, मांजराला दूध दिलं. एमिल वर्तमानपत्र आणायला फाटकापर्यंत गेला होता. डबा बंद करून मी खिडकीतून पाहिलं, तर तो तुझ्या ओसरीवर उभा राहून आमच्या किल्लीने तुझं दार उघडायला बघत होता. तू आतून दार उघडलंस आणि म्हणालीस, "एमिल, इथला नाश्ता अजून व्हायचाय, नंतर ये!" तो हसला, तू हसलीस. खिडकीत मीही हसले. १९८६ चा मार्च होता तो.

पत्र असं मधूनच सुरू केलं म्हणून रागावू नकोस. कालपासून ती सकाळ डोक्यातून जात नाही. ती आधी कागदावर उतरवली तर बाकीचं लिहिता येईल असं वाटलं.

शुक्रवारी ब्रॅडन व्हॅलीच्या शाळेशी फुटबॉलचा सामना होता. आपण जिंकलो. तुझ्या नातवाने, लॉनीने, एकतीस वेळा चेंडू काखेत मारला आणि एकतीस वेळा माणसांच्या भिंतीत घुसला. एकदा तिघे त्याला लटकले होते, तरी तो त्यांना घेऊन बारा पावलं गेला. सगळं गाव उभं राहून "कोळसागाडी! कोळसागाडी!" ओरडत होतं. एमिलच्या वेळी ओरडायचं तसंच. दोनदा बाजूची पांढरी रेघ हातभर अंतरावर होती. एक पाऊल बाहेर टाकलं असतं तर शिट्टी वाजली असती आणि कुणी त्याला हात लावला नसता. दोन्ही वेळा लॉनी उलट आत वळला आणि डोकं खाली घालून समोरच्यावर गेला. लोकांना तेच हवं असतं. सामना संपल्यावर बायका पोरांना उचलून धरतात आणि त्याच्या हेल्मेटवरचे दुसऱ्या संघांच्या रंगाचे ओरखडे दाखवतात. तो ते पुसत नाही. एमिलही पुसत नसे.

काल तो माझ्या पन्हळीतली पानं काढायला आला होता. शिडी कुठे आहे म्हणून त्याने तीनदा विचारलं.

पीटला कसं आहे? तिकडच्या कोरड्या हवेने छातीला बरं वाटतंय का?

तुझी,
वेर्ना

मेसा, ॲरिझोना
१२ ऑक्टोबर

वेर्ना बाई,

तू पत्र लिहितेस की माझी परीक्षा घेतेस? राख आली, मांजर आलं, माझं दार आलं, आणि मुख्य गोष्ट गाळलीस! आमच्या लेकाचा, रेचा, फोन आला होता. माझ्या कानांचं तुला ठाऊकच आहे, पीट ऐकत होता आणि मला कागदावर लिहून दाखवत होता. मला वाटलं, म्हातारा काहीतरी बनवून लिहितोय. मग रेने टेपच पाठवली, आणि मी खुर्चीतून उठून नाचले. खरंच नाचले. खालच्या मजल्यावरच्या बाईने छतावर काठी आपटली.

मध्यंतरानंतर लॉनी त्या दोन दांडग्यांवर आदळला, ते दोघे आडवे, हा उभा. आणि मग काय केलं त्याने? शांतपणे चालत गेला तो थेट ब्रॅडन व्हॅलीच्या घोळक्यात! ते बिचारे पुढची चाल ठरवायला गोल करून उभे होते, आणि हा त्यांच्यात जाऊन कमरेवर हात ठेवून उभा! घ्या, आलो तुमच्यात, करा काय करायचं ते! एमिलने १९६१ मध्ये मॅकॅलिस्टरच्या पोरांना असंच केलं होतं, अगदी असंच. अग्निशमन दलाच्या हॉलच्या भिंतीवरचं ते चित्र जणू उठून चालायला लागलं. आणि माझी मैत्रीण, त्याच एमिलची बायको, मला कळवते काय, तर शिडी कुठे आहे!

रे म्हणतो, लोकांनी शर्टसुद्धा छापून घेतले आहेत. पाठीवर "आलो तुमच्यात!" मला दोन पाठव, पीटला मोठा लागतो.

आता ऐक. शेवटचा सामना आठ नोव्हेंबरला मॅकॅलिस्टरशीच आहे. त्या दिवशी मोठ्या कॉलेजचा माणूस लॉनीला त्यांच्या संघासाठी बघायला येतोय. आदल्या गुरुवारी हॉलमध्ये नेहमीचं जेवण असेल आणि तू नेहमीप्रमाणे एमिलची गोष्ट सांगशील. यंदा लॉनीला शेजारी उभं करून सांग. मी तिथे नसेन, पण निदान एवढं माझ्यासाठी कर.

पीट म्हणशील तर ठीक. टेप दोनदा बघितली आणि बंद कर म्हणाला. हल्ली लवकर दमतो.

तुझी,
लोरेटा

ता. क. त्या सकाळी एमिल माझ्या दाराशी काय विनोदी दिसत होता! मी इकडच्या बायकांना अजून ती गोष्ट सांगते.

स्लेट फोर्क
१७ ऑक्टोबर

प्रिय लोरेटा,

शर्ट पाठवले आहेत.

ती गोष्ट मी मुद्दाम लिहिली नाही. मी तिसऱ्या रांगेत होते, मला नीट दिसलं. लॉनीचा चेहरा मी पाहिला. बाकीच्यांना त्याची पाठ दिसत होती.

शनिवारी तो पुन्हा आला. मी मटाराचं सूप केलं होतं. स्वयंपाकघरात त्याने काळा चष्मा काढला नाही.

मी म्हटलं, "काय रे, सिनेमात गेलास की काय?"

"उजेड फार आहे, मिसेस के."

"बाहेर ढग आलेत."

"हो का?" तो म्हणाला आणि खिडकीकडे बघायलाही वळला नाही. मी पडदा ओढला. तो दोन घास खाऊन उठला आणि मोरीत ओकला. मग तोंड धुऊन म्हणाला, "तुमचं सूप चांगलं होतं हं. माझंच पोट." जाताना परत, "मिसेस के, शिडी कुठे ठेवू?" चार वर्षं तोच ती तळघराच्या दाराशी टांगतो.

"तुझं डोकं दुखतं का?" मी विचारलं.

"सगळ्यांचंच दुखतं. कोच म्हणतात, दुखत नसेल तर तू नीट खेळला नाहीस."

मी त्याला सांगितलं, आई गेली म्हणून काय झालं, बापाला तरी सांग. तो हसून म्हणाला, "बाबांना सांगू? बाबा आठवडाभर जमिनीवर चालत नाहीत."

ते खरंच आहे. सोमवारी मी हार्डवेअरच्या दुकानात रेला गाठलं. गस पावलिकही होता, अग्निशमन दलाचा प्रमुख. मी रेला म्हटलं, पोराला दोन आठवडे बसव. रे आधी हसला. मग म्हणाला, "वेर्ना, तू तुझ्या पिरोगी लाट, त्यांत बटाटा भर. धावायचं ते त्याला बघू दे." गस म्हणाला, "तू म्हणतेस हे? कोळसागाडीची बायको म्हणते हे? एमिलच्या चित्राशेजारी आम्ही जागा सोडलीय, ठाऊक आहे ना? नोव्हेंबरात रंगवतो." दुकानातले सगळे हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. त्यांचं लॉनीवर प्रेम आहे. माझी भीती तीच आहे, लोरेटा. त्यांनी त्याचा राग राग केला असता तर तो एव्हाना घरी बसला असता.

तू आजी आहेस. रे तुझं ऐकेल. दोन आठवडे. एवढंच सांग.

तुझी,
वेर्ना

मेसा
२२ ऑक्टोबर

वेर्ना,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं, आणि तिन्ही वेळा मला राग आला.

सतरा वर्षांच्या मुलाचं डोकं दुखतं. पोट बिघडतं. त्याला एखादी पोरगी आवडत असेल तर तो शिडीच काय, स्वतःचे बूटही विसरेल. रे कसा होता आठवतं ना? एका उन्हाळ्यात तीन वेळा दूध उतू घालवलं होतं त्याने.

दोन आठवडे बसव म्हणे. आणि तो कॉलेजचा माणूस? तो काय दोन आठवड्यांनी परत येणार आहे? पीटने खाणीत फुप्फुसं घालवली, रेची खाण बंद झाली, आणि आता आमच्या घरातला एक जण त्या डोंगरातून बाहेर पडतोय, तोही आपल्या खांद्याच्या जोरावर. आणि तू मला सांगतेस, त्याला बसव.

एमिल कधी बसला? एमिलने कधी रेघेबाहेर पाऊल टाकलं? पस्तीस वर्षं गावाने तुमच्या घरावर जीव टाकला तो कशामुळे? तुझ्या पिरोगींमुळे?

मनातलं बोलते. मला वाटतं, त्या भिंतीवर एमिलच्या शेजारी दुसरं चित्र यावं हे तुला बघवत नाही.

हे लिहून मी पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. ते वाक्य खोडावं असं वाटलं. पण खोडत नाही, मी काय विचार केला ते तुला कळू दे. थंडी पडली असेल. गुडघ्याला गरम पट्टी बांधत जा.

लोरेटा

स्लेट फोर्क
२८ ऑक्टोबर

प्रिय लोरेटा,

पट्टी बांधते.

आता मी तुला एक गोष्ट सांगते. ती मी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता. ज्याला दिला तो तीन वर्षांपूर्वी गेला. तो असता तर मला मोकळं केलं असतं का, हे मला माहीत नाही. मीच स्वतःला मोकळं करते आहे.

आमच्या लग्नानंतरचा पहिला हिवाळा. तळघरात आम्ही दोघं बटाटे निवडत बसलो होतो, सडलेले एका बाजूला, चांगले एका बाजूला. मी त्याला सहज म्हटलं, "मॅकॅलिस्टरच्या घोळक्यात जाऊन उभं राहायचं हे तुला सुचलं तरी कसं?" मला वाटलं तो फुशारकी मारेल, आणि मला ती ऐकायचीच होती. एमिल एक बटाटा हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "वेर्ना, मी गेलो नव्हतो. माझे पाय गेले. मला वाटलं ती आपलीच पोरं. चेहरे सगळे अनोळखी होते, पण म्हटलं आपलीच असतील, नाहीतर मी इथे कशाला असतो?"

त्यानंतर तो उरलेला सामना खेळला, हे त्याला रविवारच्या वर्तमानपत्रातून कळलं. शेवटचे गुणही त्यानेच मिळवले, तेही त्याने वाचलं. सोमवारी शाळेत गेला तर सगळे पाठीवर थापा मारत होते. तो म्हणाला, "लोकांना एवढा आनंद झाला होता. मी कुणाला काय सांगणार?" आणि मग, "तूही सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. दर वर्षी हॉलमध्ये तो ती गोष्ट सांगायचा, आणि मी टेबलाशी बसून हसायचे. १९८९ पासून त्याला ती सलग सांगता येईना, म्हणून गस म्हणाला, वेर्ना, तू सांग. मी सांगितली. सात वर्षं. समोर पहिल्या बाकावर संघाची पोरं बसतात, तोंड उघडं टाकून ऐकतात. लॉनी चार वर्षं तिथे बसलाय. रेघेबाहेर जायचं नाही, डोकं खाली घालायचं आणि आत घुसायचं, हे त्याला कोचने शिकवलं असेल. पण त्यात शोभा असते हे मी शिकवलं.

एमिलच्या डोक्यात बेचाळिसाव्या वर्षी अंधार यायला लागला. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, म्हातारपण लवकर आलंय. एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. दर दुसऱ्या बुधवारी वाचनालयाची गाडी येते, तिच्यातून मी पुस्तकं मागवली. मी आठवी शिकलेली बाई. एकेका पानाला मला एक संध्याकाळ लागायची, शेजारी शब्दकोश उघडा. मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांवर एक पुस्तक होतं. वर्षानुवर्षं डोक्यावर मार खाल्लेल्या माणसांचं पुढे काय होतं, ते ओळीने दिलं होतं. किल्ली चुकणं, दार चुकणं, उजेड न सोसणं, विनाकारण रडणं. मी वाचत होते आणि वरच्या खोलीत एमिल कपाटाला विचारत होता, बाहेर कसं जायचं.

आणि त्याच पुस्तकात होतं, की पहिला मार भरला नसताना दुसरा बसला तर माणूस तिथल्या तिथे जाऊ शकतो. तरुण माणूससुद्धा.

त्या सकाळी तो तुझ्या दाराशी विनोद करत नव्हता, लोरेटा. तो मॅकॅलिस्टरच्या घोळक्यात उभा होता.

गेल्या शुक्रवारी लॉनीला पुन्हा लागलं. तो उठला, पण गुडघ्यावर बसून गवतात काहीतरी शोधत राहिला. लोकांना वाटलं, तो समोरच्या संघातल्या पोराला चिडवायला त्याचा पडलेला दात शोधतोय. केवढे हसले. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. दर वेळी त्याच्याकडे चेंडू गेला की मी मनात मोजते. आदळल्यापासून तो उठेपर्यंत. शुक्रवारी एकदा नऊपर्यंत मोजलं.

भिंतीवर त्याचं चित्र येऊ दे. हवं तर एमिलचं पुसून टाका. मला लॉनी पन्नास वर्षांचा झालेला बघायचाय, आणि मी ते बघायला असणार नाही, तेव्हा निदान तो होईल एवढी व्यवस्था व्हायला हवी.

तुझी,
वेर्ना

मेसा
२ नोव्हेंबर, एक्स्प्रेस डाकेने

वेर्ना,

तुझं पत्र मी पीटला वाचून दाखवलं. मोठ्याने, कारण एकटीने वाचवेना. घोळक्याच्या जागी आले तेव्हा त्याने नाकातली ऑक्सिजनची नळी काढली. मी ओरडले, तर हात वर करून मला थांबवलं. म्हणाला, "त्याला तिथून परत कुणी आणलं, हे वेर्नाला माहीत आहे?"

तुला माहीत आहे? मला नव्हतं. पीटने आणलं. संघात तो एमिलच्या पुढे उभा राहायचा, बासष्ट नंबर. तो गेला, एमिलला दंडाला धरलं आणि म्हणाला, चल. एमिलने त्याच्याकडे बघून विचारलं, "तू कोण?" बालवाडीपासूनचे मित्र ते. पीटला वाटलं, गंमत करतोय. मग त्याने डोळे बघितले आणि त्याला कळलं. त्याने कोचला सांगितलं. कोचने शुद्धीवर आणायला एमिलच्या नाकाखाली अमोनियाची बाटली धरली आणि पुन्हा मैदानात ढकललं. पुढे गाव एवढं नाचलं की पीटही गप्प बसला. पस्तीस वर्षं! त्याच्याबरोबर मी एका अंथरुणात झोपले, आणि तू एमिलबरोबर, आणि ते दोघे रविवारी माझ्या ओसरीवर बिअर पीत बसायचे, आणि एकमेकांशीही यावर कधी बोलले नाहीत. पीट म्हणतो, बोलायचं काय त्यात.

मी तुम्हा तिघांवर रागावले आहे. एकावर रागवायला तो उरला नाही म्हणून त्याचाही वाटा तुम्हा दोघांवर.

आणि मी इकडे बायकांना ती दाराची गोष्ट सांगून हसवत होते. वेर्ना, तू मला दहा वर्षं हसू कसं दिलंस?

काल आम्ही रेला फोन केला. पीट स्वतः बोलला. दर चार शब्दांनी थांबत. रे म्हणाला, "बाबा, शुक्रवार होऊन जाऊ दे. शुक्रवारनंतर नेतो डॉक्टरकडे." पीट म्हणाला, शुक्रवारआधी. रेने फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही. कोचला लावला, तो म्हणाला, काका, पोरगा फिट आहे, तुम्ही तब्येत सांभाळा.

आता एकच जागा उरली आहे. रे आमचं ऐकत नाही, पण हॉलचं ऐकेल. गुरुवारी तू उभी राहशील तेव्हा खरं काय ते सांग. सोबत पीटच्या चार ओळी आहेत. अक्षर वाकडं आहे, तरी तूच वाच, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

मागच्या पत्रातलं ते वाक्य मी आता खोडते. तुझ्याकडे पेन असेल, माझ्या वतीने तू खोड.

लोरेटा

पिट्सबर्ग
९ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय लोरेटा,

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. डॉक्टर काय म्हणाले ते रेने काल पीटला फोनवर सांगितलंच आहे. कवटीच्या आत थोडं रक्त साचलंय. सध्या ऑपरेशन नको, लक्ष ठेवायचं. नर्स दर तासाला त्याला उठवून नाव विचारते, आणि अजूनपर्यंत त्याने प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं आहे. काल संध्याकाळी खेळला असता तर, असं रेने विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी कागद खाली ठेवला आणि नुसती मान हलवली. तो आता पुन्हा खेळणार नाही. मी घाबरलेलीच आहे. पण आता या भीतीत माझ्याबरोबर बाकीचेही आहेत.

गुरुवारचं तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सांगते.

हॉल भरला होता. आम्ही बायकांनी सकाळपासून पिरोगी केल्या होत्या, बटाट्याच्या आणि कोबीच्या. निम्म्या लोकांच्या अंगात ते शर्ट. भिंतीवर एमिलच्या शेजारी गसने पांढरा चौकोन रंगवून ठेवला होता. लॉनी पहिल्या बाकावर, काळा चष्मा लावून. पोरं त्याला म्हणत होती, "काय रे, आत्तापासून हिरो?"

गसने टाळी वाजवली. "चला, आता आपली वेर्ना. गप्प बसा रे, नाहीतर उद्या मॅकॅलिस्टरच्या बाकावर बसवीन!"

मी उभी राहिले. सात वर्षं ज्या शब्दांनी गोष्ट सुरू करते त्याच शब्दांनी केली. चिखल होता, सहा मिनिटं उरली होती, एमिल दोघांवर आदळला. आणि मग म्हटलं, "आणि तो चुकून त्यांच्या घोळक्यात गेला, कारण आपण कुठे आहोत हे त्याला कळत नव्हतं."

काही जण हसले. त्यांना वाटलं, यंदा मी मीठमसाला लावतेय. मी तळघरातलं सांगितलं. बटाट्यांचं सांगितलं. तुझ्या दाराचंही सांगितलं, तू माफ करशील. मागून कुणीतरी म्हणालं, "बस झालं, वेर्ना." दुसरं कुणी म्हणालं, "मेलेल्या माणसाचं नाव कशाला घालवतेस?" गस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बस खाली, बाई. उद्या सामना आहे." मी म्हटलं, "गस, माझं एक पत्र वाचायचं राहिलंय. मग तू मला उचलून बाहेर ठेव."

आणि मी वाचलं. तुझ्याकडे त्याची नक्कल नसेल म्हणून इथे उतरवते.

"मी पीट हुडाचेक, नंबर बासष्ट. एमिलला त्या घोळक्यातून दंडाला धरून मी आणलं. त्याने मला विचारलं, तू कोण. हे मी पस्तीस वर्षं लपवलं. लॉनी, बाळा, तुला दंडाला धरायला मी तिथे नाही."

पीट खोटं बोलत नाही हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. रे भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा लालभडक झाला. म्हणाला, "ते एमिलचं. आमच्या पोराने मुद्दाम केलं होतं. लॉनी, सांग त्यांना."

लॉनी उठला नाही. समोरच्या ताटलीकडे बघत होता. म्हणाला, "मला माहीत नाही, बाबा."

"काय माहीत नाही?"

"मी तिथे का गेलो ते. ती टेप बघितली, तेवढंच माहीत आहे." मग त्याने चष्मा काढला, आणि त्या ट्यूबलाइटच्या उजेडात त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो रडत नव्हता, लोरेटा. उजेडाने येत होतं. "सगळ्यांना एवढा आनंद झाला होता," तो म्हणाला.

एमिलचेच शब्द. त्या पोराने ते माझ्याकडून कधी ऐकले नव्हते. त्या संध्याकाळीसुद्धा तेवढे शब्द मी गाळले होते.

नंतर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याशी फारसं कुणी बोललं नाही. बायकांनी ताटल्या गोळा केल्या, मीही केल्या. कोच तावातावाने निघून गेला. गसने जाताना हॉलचे दिवे एकेक करून विझवले, लॉनीच्या डोक्यावरचा सगळ्यात आधी. रे पोराला घेऊन गेला. मी घरी आले आणि वाटलं, मी एमिलला दुसऱ्यांदा पुरलं, आणि तेही फुकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी शेगडीतली राख काढत होते, तेव्हा रेची गाडी फाटकाशी येऊन थांबली. तो खाली उतरला नाही, नुसता म्हणाला, "तो म्हणतो, मिसेस के आल्या तर जातो." मी हात धुतले, कोट घातला आणि मागच्या सीटवर लॉनीच्या शेजारी बसले. पिट्सबर्ग येईपर्यंत त्याने मला चार वेळा विचारलं, आपण कुठे चाललोय. मी त्याचा दंड धरला होता, आणि चारही वेळा त्याला सांगितलं.

तुझी,
वेर्ना